बांधापासून बंदरापर्यंत : आपल्या मालाची वाट



वार्षिक सभेत दराचा विषय निघाला की मंडप दणाणतो. रस्त्याचा विषय निघाला की निम्मी मंडळी चहाला उठतात. रस्ता हे जिल्हा परिषदेचे काम, रेल्वे हे दिल्लीचे काम आणि विमान हे बड्या लोकांचे काम, अशी आपण सरळ वाटणी करून टाकली आहे. आमच्या मते ही वाटणी चुकीची आहे. ती का चुकीची, हे दराच्याच भाषेत सांगितलेले बरे.

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३५५० रुपये एफ.आर.पी. ठरवली. हा दर उसाचा खरा, पण कुठल्या उसाचा? कारखान्याच्या दारात आलेल्या उसाचा, शेतात उभ्या असलेल्या उसाचा नव्हे. आपल्या महाराष्ट्रात तोडणी-वाहतूक कारखाना करतो आणि तो खर्च बिलातून वजा होतो. अनेक कारखान्यांत हा आकडा टनाला सातशे रुपयांच्या वर गेला आहे. आजवरची प्रथा अशी की बहुतेक ठिकाणी हा खर्च एकेका शेताचा वेगळा न धरता सगळ्या उसावर सरासरीने बसतो. म्हणजे डांबरी रस्त्याला लागून ज्याचे शेत आहे तोही सुटत नाही. चार गावे पलीकडे, ज्याचे तोंडही आपण कधी पाहिले नाही, अशा सभासदाच्या पाणंदीत ट्रॅक्टर रुतला तर तिथला चिखल आपल्या बिलावर उडतो.

एवढे ध्यानात आले म्हणजे पुढचे सगळे सोपे आहे.

पहिला मैल

दिवसाला पाच हजार टन गाळणारा कारखाना धरा. ट्रॅक्टरमागच्या दोन ट्रॉल्यांत मिळून वीस टन ऊस धरला, तर रोज अडीचशे खेपा गव्हाणीपाशी आल्या पाहिजेत. टायरगाडीत तीन टनांच्या आतबाहेर माल बसतो, तेव्हा गाड्या धरल्या तर हा आकडा कितीतरी फुगतो. ही सगळी वाहने हमरस्त्यावर फार वेळ घालवत नाहीत. वेळ जातो तो फडातून बाहेर पडताना. एखाद्या अर्ध्या मैलाच्या पाणंदीत दोन तास मोडतात. मग दिवसात दोन खेपा करणारे वाहन एकीवर येते आणि तेवढाच ऊस ओढायला दुप्पट वाहने लावावी लागतात. वाहनमालक काही धर्मादाय संस्था नव्हे. तो दर वाढवून मागतो आणि मुकादमही मागतो. रुतलेली ट्रॉली ओढून काढायला दुसरा ट्रॅक्टर आणला, तर त्याचे पैसे शेतकऱ्याच्या खिशातून रोख जातात. त्याची पावती कुठल्याही हिशेबात दिसत नाही.

वेळेचा दुसरा मार उसालाच बसतो. ऊस तुटला की कांड्यातल्या साखरेची मोड सुरू होते. दाणेदार होणारी साखर फुटून ज्या साध्या साखरा होतात, त्या दाण्यात येत नाहीत, मळीतून निघून जातात. शिवाय वजन घटते ते वेगळेच. तुटलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा, असे शेतकी खाते वर्षानुवर्षे सांगत आले ते उगीच नाही. वजनाची घट ज्याचा ऊस त्याची. उताऱ्याची घट मात्र सगळ्यांची, कारण पुढचा दर त्याच उताऱ्यावर बसतो.

आता तर आणखी एक गोष्ट आली आहे. ऊसतोड मजूर दरवर्षी कमी होत चालला आहे आणि तोडणी यंत्रे वाढत आहेत. यंत्र उसाचे बारीक तुकडे करते. तुकड्यांना दोन्ही तोंडे उघडी, म्हणून असा ऊस आखूड वेळात बिघडतो. तो काही तासांत गाळावा लागतो. शिवाय यंत्र स्वतः अवजड, त्याच्याबरोबर चालणारी वाहनेही मोठी, आणि वळायला जागा पाहिजे. बैलगाडी जिथून कशीबशी जात होती तिथून हे धूड जाणार नाही. तेव्हा पाणंद अरुंद असलेल्या शिवारात उद्या यंत्र येणार नाही आणि मजूरही मिळणार नाही. ऊस मात्र उभा राहील. तुरा येऊन पोकळ झालेल्या उसाचे दुःख काय असते हे आम्ही सभासदांना सांगण्याची गरज नाही.

आपल्याकडच्या जुन्या रस्त्यांपैकी पुष्कळ रस्ते १९७२ च्या दुष्काळातले. खडी फोडून, पाट्या वाहून बायाबापड्यांनी ते केले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली रोजगार हमी त्याच काळात राज्यभर गेली. आपल्या वडील मंडळींनी पोटासाठी केलेल्या या रस्त्यांवर पुढे आपला ऊस चालला. त्यांच्या पलीकडच्या पाणंदींचे काय झाले? त्या कुणी चोरून नेल्या नाहीत. दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी दरवर्षी नांगराचा एकेक तास आत घातला आणि वीस-पंचवीस वर्षांत गाडीवाटेची पायवाट झाली. गावच्या नकाशात पाहा. तुटक दुहेरी रेघांनी दाखवलेला गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फुटांचा असतो, तुटक एकेरी रेघेचा पायमार्ग सव्वाआठ फुटांचा. आणि मग जागेवर जाऊन टेप लावा. नकाशातले आणि जागेवरचे अंतर कुणाच्या उसाखाली गेले आहे हे सगळ्या गावाला माहीत असते. बोलत कुणी नाही, कारण उद्या सोसायटीच्या निवडणुकीत तोंड दाखवायचे असते.

हमरस्ता : सोय आणि गैरसोय

पाणंदीतून सुटलेली ट्रॉली जिल्हा मार्गावर येते आणि तिथून कुठेतरी महामार्ग ओलांडते. पुणे-बेंगळूर रस्ता चौपदरी झाल्यावर मुंबईचा बाजार जवळ आला, दूध-भाजीला दर सापडला, हे खरेच आहे. पण रुंद रस्त्याने गावाचे दोन तुकडे होतात हेही तितकेच खरे. पूर्वी गाडी सरळ पलीकडच्या मळ्यात जायची. आता ती बोगदा शोधत दोन-दोन मैल उलटी जाते, आणि बोगद्याची उंची-रुंदी ठरवताना भरलेल्या उसाच्या गाडीचे माप घेतलेले नसले तर तिथेच घोडे पेंड खाते.

पाण्याचे तर विचारूच नका. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूरजवळ शिरोलीला महामार्ग पाण्याखाली गेला आणि काही दिवस वाहतूक संपूर्ण थांबली. मालमोटारींच्या रांगा लागल्या, कोल्हापुरात पेट्रोलची टंचाई झाली, दुधाची संकलने बंद पडली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तोच प्रकार. उपाय म्हणून रस्ता उंच करायचा म्हटले, तर मातीचा भराव धरणासारखा पाणी अडवतो आणि वरच्या बाजूच्या उसात ते चढून बसते. म्हणून पूरपट्ट्यातील शेतकरी भराव नको, खांबांवरचा पूल द्या म्हणतो. याला महाग पडेल असे उत्तर मिळते. पण आठ-दहा दिवस पाण्यात कुजलेल्या उसाची किंमत त्या हिशेबात कोणी धरलेली नसते.

नागपूर ते गोवा अशा सुमारे आठशे किलोमीटरच्या शक्तिपीठ महामार्गाची आखणी जाहीर झाल्यावर कोल्हापूर-सांगलीकडून सर्वांत मोठा विरोध झाला. त्यामागेही हेच आहे. बागायती जमीन एकदा गेली की पैसे येतात, पण पाण्याखालची काळी परत येत नाही. त्या प्रश्नावर सभासदांत दोन मते आहेत आणि आम्ही इथे पंच होऊ इच्छीत नाही. आम्हांला एवढेच वाटते, की कुठलाही मोठा रस्ता येणार असला तर ग्रामसभेत तीन गोष्टी आधी लिहून घ्याव्यात: आमची गाडी कुठून ओलांडेल, पुराचे पाणी कुठून जाईल, आणि उरलेल्या तुकड्याला वाट कोण देईल. नंतर मोर्चा काढून मोरी मिळते, बोगदा मिळत नाही.

जाता जाता एक सूचना. ट्रॉलीला मागे लाल परावर्तक कापड लावा. बैलगाडीच्या जुवालाही लावा. हंगामात रात्री उभ्या ट्रॉलीवर मागून दुचाकी धडकून गेलेली तरुण पोरे प्रत्येक तालुक्यात आहेत. आणि ट्रॅक्टरवरचा तो भोंगा! मागून येणाऱ्या गाडीने हॉर्न दिलेला ड्रायव्हरला ऐकू येईल इतका तरी आवाज खाली घ्या.

रेल्वे : साखरेचा रस्ता

उसाचा प्रवास गव्हाणीपाशी संपतो, साखरेचा तिथून सुरू होतो. आपल्या भागात पिकते तेवढी साखर आपण खात नाही. ती पूर्वेकडे बंगाल-आसामपर्यंत जाते आणि सरकारने दार उघडले तर बंदरावाटे परदेशी जाते. २०२१-२२ च्या साखर वर्षात देशातून शंभर लाख टनांहून अधिक साखर बाहेर गेली. जून २०२२ पासून निर्यातीवर बंधने आली. दार केव्हा उघडेल आणि केव्हा लागेल याचा नेम नाही, म्हणून उघडे असेल तेवढ्या दिवसांत ज्याचा माल बंदरावर पोहोचतो तो साधतो.

बेचाळीस वाघिणींच्या एका रेकमध्ये सुमारे अडीच हजार टन साखर जाते. हीच साखर पंचवीस-पंचवीस टनांच्या मालमोटारींनी पाठवायची तर शंभर मोटारी लागतील. लांबच्या पल्ल्याला रेल्वे स्वस्त पडते याचे कारण या शंभराच्या आकड्यात आहे.

जुन्या मंडळींना आठवत असेल, पुणे-मिरज-कोल्हापूर ही लाइन एके काळी मीटरगेज होती. मोठ्या लाइनीवर जाणारा माल पुण्याला उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागे. पोती फाटत, भिजत, हमाली दोनदा लागे. १९७१ साली ही लाइन ब्रॉडगेज झाली आणि ती कटकट मिटली. त्यानंतर मात्र एकेरी रुळावर पिढी गेली. समोरून गाडी येते म्हणून मालगाडी तासन् तास लूपवर उभी. पुणे-मिरज हा सुमारे २८० किलोमीटरचा टप्पा दुहेरी करण्याचे आणि त्यावर विजेच्या तारा ओढण्याचे काम गेल्या काही वर्षांत झपाट्याने पुढे गेले. ही आपल्या भागाला मिळालेली मोठी गोष्ट आहे, आणि तिचा म्हणावा तेवढा गाजावाजा झालेला नाही.

पण नुसते रूळ वाढून भागत नाही. रेक लागला की ठरलेल्या तासांत तो भरावा लागतो, नाहीतर दंड. त्या वेळात अडीच हजार टन साखर माल धक्क्यावर आणायची तर गोदाम, हमाल, मोटारी सगळे सज्ज पाहिजे. धक्क्यावर छप्पर पाहिजे आणि तिथे जाणारा रस्ता खड्ड्यांचा असून चालत नाही. एकट्या लहान कारखान्याला हे पेलत नाही. शेजारच्या दोन-तीन कारखान्यांनी मिळून रेक भरला तर जमते. निवडणुकीत एकमेकांविरुद्ध पॅनेल उभी करणाऱ्यांनी साखर एका गाडीत घालायला काय हरकत आहे?

रूळ पोहोचले तर काय घडते याचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. कुर्डुवाडी ते बार्शी अशी अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली. ती पुढे लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोहोचली. त्या छोट्या गाडीची माणसांनी थट्टा पुष्कळ केली. पुढे ही सगळी लाइन टप्प्याटप्प्याने रुंद झाली. मिरजेकडचा टप्पा २०११ च्या सुमारास पुरा झाला. पाचच वर्षांनी, एप्रिल २०१६ मध्ये, लातूर शहर तहानेने व्याकूळ असताना मिरजेहून कृष्णेचे पाणी भरलेल्या वाघिणी याच वाटेने सुमारे साडेतीनशे किलोमीटर धावल्या. पहिल्या गाडीने दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी नेले. लाइन अरुंदच राहिली असती तर हे पाणी कुर्डुवाडीलाच अडले असते. पुढे २०२० च्या डिसेंबरात याच लाइनीवरच्या सांगोल्याहून देशातली शंभरावी किसान रेल फळे-भाजीपाला घेऊन बंगालकडे निघाली. रूळ रुंद करताना पाण्याची गाडी किंवा डाळिंबाची गाडी कुणाच्या आराखड्यात होती असे आम्हांला वाटत नाही.

आणि रूळ न पोहोचण्याची किंमत पाहायची असेल तर बीड जिल्ह्याकडे पाहा. आपल्या फडात कोयता चालवणारी माणसे तिकडूनच येतात. ट्रकच्या हौद्यात संसार, पोरेबाळे, शेळ्या-कोंबड्या घालून रातोरात येतात. अहमदनगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या रेल्वेला मंजुरी मिळाली १९९५ च्या सुमारास. केशरकाकू क्षीरसागरांपासून गोपीनाथ मुंड्यांपर्यंत अनेकांनी तिच्यासाठी आवाज उठवला. बीड शहरात पहिली प्रवासी गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. मधल्या तीस वर्षांत मजुरांची दुसरी पिढी आपल्या उसात येऊन कोयता धरती झाली. रेल्वेने कोयता सुटला असता असे आम्ही म्हणत नाही. पण जिथे माल बाहेर जायला वाट नाही तिथे धंदा उभा राहत नाही, आणि मग माणसेच बाहेर जातात.

आपल्या बाजूला असाच रखडलेला रस्ता म्हणजे कोल्हापूर-वैभववाडी रेल्वे. कोल्हापूर संस्थानने मिरजेपासून रूळ आणले १८९१ साली. आजतागायत ते कोल्हापूरलाच संपतात. घाटाखाली १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण धावते आहे. दोहोंमधले अंतर आहे साधारण १०७ किलोमीटर. २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात या लाइनीचे नाव आले, त्यावर सर्वेक्षणे झाली, सत्कार झाले, हारतुरे झाले. रूळ अजून पडलेला नाही. ही लाइन झाली तर कोकणातल्या बंदरांकडे साखर उतरायला सरळ वाट होईल आणि पावसाळ्यात घाट कोसळला तरी सगळे अडून राहणार नाही. सह्याद्री फोडणे स्वस्त नाही हे आम्हांला समजते. पण या मागणीचा पाठपुरावा व्यापारी महासंघाने करायचा आणि सर्वांत जास्त माल ज्यांचा, त्या साखर कारखान्यांनी बघत राहायचे, हे बरे दिसत नाही.

विमान आणि धुराडे

विमानाने साखर जात नाही. म्हणून ऊस उत्पादकाच्या यादीत विमानतळाचा नंबर शेवटचा, असे आमचे स्पष्ट मत आहे. तरीही तो यादीत आहे. गव्हाण चालू असताना टर्बाइन बंद पडले, तर परराज्यातला तंत्रज्ञ त्याच दिवशी पोहोचण्याला किंमत असते. मुलेबाळे नोकरीनिमित्त दूर गेली, म्हातारी माणसे आजारपणात मोठ्या शहरात न्यावी लागतात. कोल्हापूरचा विमानतळ तर जुना, राजाराम महाराजांच्या काळात १९३९ साली सुरू झालेला. मध्यंतरी कित्येक वर्षे तिथे गुरे चरावीत अशी अवस्था होती. २०१८ पासून नियमित विमाने पुन्हा येऊ लागली आणि मार्च २०२४ मध्ये नवी इमारत उभी राहिली.

पण विमानतळाने सहकारी कारखान्याला कसे गाठले हे सोलापुरात दिसले. तिथल्या सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाचे धुराडे नव्वद मीटरच्या आसपास उंच होते आणि ते होटगी रस्त्यावरच्या विमानतळाच्या वाटेत येते, असा वाद कित्येक वर्षे चालला. गावात तट पडले. कोर्टकचेऱ्या झाल्या. अखेर १५ जून २०२३ रोजी पोलिस बंदोबस्तात ते धुराडे पाडले. काही सेकंदांत ते बसले. सोलापूरहून गोव्याला विमान सुरू झाले ९ जून २०२५ रोजी, म्हणजे जवळजवळ दोन वर्षांनी.

बरोबर कोण होते याचा निवाडा आम्ही करत नाही. विमान शहराला हवे होते हे खरे, आणि धुराड्यात सभासदांचा घामाचा पैसा होता हेही खरे. मात्र सहवीज, आसवनी, नवे धुराडे असा विषय सभेपुढे येतो तेव्हा आपण खर्चाचा आणि कर्जाचा आकडा विचारतो. उंचीचा आणि इतर खात्यांचा ना-हरकत दाखला हातात आहे का, हे कुणी विचारत नाही. यापुढे विचारावे. जुन्या पडून राहिलेल्या धावपट्ट्या पुन्हा जाग्या होत आहेत आणि कारखाने त्यांच्या आसपास आहेत.

आता हाताशी आहे ते

रेल्वे आणि विमान आपल्या हातात नाही. पाणंद आहे. राज्य सरकारने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आणली. अशा योजनांची नावे बदलत राहतात, पण अट एकच असते: जागा मोकळी पाहिजे. जागेचा वाद असला की निधी परत जातो.

वाद मिटवायला कायद्यात दोन वाटा आहेत आणि दोन्ही तहसीलदारांकडे जातात. शेताला मुळात रस्ताच नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. तहसीलदार जागा पाहून, शेजाऱ्यांचे म्हणणे ऐकून निर्णय देतात. तो मान्य नसेल तर वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो. पूर्वापार वापरातली वाट कुणी नांगरली किंवा काट्या टाकून अडवली असेल, तर १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाचे कलम ५ लागू पडते. इथे मात्र वेळ सांभाळा. वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज गेला पाहिजे. ‘बघू, सांगून बघतो, पाहुणाच आहे’ करता करता सहा महिने जातात आणि मग पाहुणा हसतो.

तहसिलीत जाण्याआधी दोन्ही बाजूंनी दोन-दोन तास सोडून पाणंद मोकळी होत असेल तर ते सर्वांत स्वस्त. आडसालीच्या लागणी होण्याआधी हे झाले तर उभ्या उसाचे नुकसान होत नाही. लागण झाल्यावर कुणी सरी मोडायला तयार होत नाही, हा अनुभव सगळ्यांचाच आहे.

ज्या सभासदांना अर्ज करायचा आहे त्यांनी आपल्या गटऑफिसात शेतकी मदतनिसांना भेटावे. येताना चालू सातबारा, गावनकाशाची नक्कल, ज्यांच्या बांधावरून वाट हवी त्या खातेदारांची नावे-पत्ते आणि त्यांचे गट नंबर बरोबर आणावेत.